क्लच प्लेट झिजते तेव्हा नेमके काय होते?

घर्षणाचे नियम आपण वर्गात दरवर्षी शिकवतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर जितक्या बलाने दाबले जातात, त्या प्रमाणात त्यांच्यातील घर्षणबल वाढते. पृष्ठभाग कोणत्या पदार्थांचे आहेत यावरही ते अवलंबून असते. मात्र ते एकमेकांना किती क्षेत्रफळावर टेकले आहेत, यावर ते अवलंबून नसते. फ्रान्समधील आमोंताँ याने १६९९ मध्ये हे नियम मांडले आणि त्याच देशातील कुलोम याने १७८० च्या दशकात प्रयोग करून ते पक्के केले. लाकडी ठोकळा आडवा ठेवून आणि मग कडेवर उभा ठेवून ताणकाट्याने ओढला, तर काटा दोन्ही वेळा जवळजवळ सारखाच आकडा दाखवतो, हे आपल्या विद्यार्थ्यांनी पाहिलेले असते.

आता गॅरेजमधला एक प्रश्न घेऊ. "प्लेट झिजली आहे, म्हणून क्लच स्लिप मारतो," असे मेकॅनिक सांगतो. त्याचे म्हणणे खरेच असते. नवी प्लेट टाकली की गाडी पूर्वीसारखी ओढू लागते. पण जुनी आणि नवी प्लेट शेजारी ठेवून पाहा. दोघींवरचे अस्तर एकाच प्रकारच्या पदार्थाचे आहे. झीज झाली म्हणून पदार्थ बदललेला नाही. वरचा थर गेला आणि खालून त्याच पदार्थाचा दुसरा थर उघडा पडला. क्षेत्रफळही तेवढेच आहे, आणि कमी झाले असते तरी नियमाप्रमाणे फरक पडायला नको. मग एक-दीड मिलिमीटर जाडी कमी झाल्याने पकड कोठे गेली?

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता क्लच कसा चालतो, तो का झिजतो आणि बदलताना कोणती काळजी घ्यायची, हे सारे उलगडत जाते.

क्लच हवाच कशाला?

पेट्रोल किंवा डिझेलच्या इंजिनाला एक मोठी मर्यादा आहे. ते शून्य वेगापासून सुरू होऊ शकत नाही. मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांच्या खाली आले की ते बंद पडते. उलट गाडीला तर उभ्या अवस्थेतूनच निघावे लागते. फिरते इंजिन आणि थांबलेली चाके एकदम जोडली, तर गाडीला हिसका बसेल आणि इंजिन बंद पडेल. म्हणून दोघांच्या मध्ये असा दुवा हवा, की जो आधी थोडा घसरेल, घसरत घसरत दोन्हींचा वेग जुळवील आणि मग घट्ट धरील. हा दुवा म्हणजे क्लच. विजेची मोटर शून्य वेगापासूनच जोर लावू शकते, म्हणून विजेवर चालणाऱ्या बहुतेक मोटारींत क्लच नसतो. याउलट ए.एम.टी. प्रकारच्या गाड्यांत पायाखाली क्लचचे पॅडल नसले, तरी आत प्लेट असतेच. ती दाबायचे-सोडायचे काम यंत्रणा करते.

रचना साधी आहे. इंजिनाच्या दंडाला फ्लायव्हील हे जड लोखंडी चाक पक्के बसवलेले असते. त्याच्यासमोर दुसरी लोखंडी कडी असते, ती प्रेशर प्लेट. ती एका झाकणात बसवलेली असून झाकण फ्लायव्हीलला बोल्टने आवळलेले असते. म्हणजे फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट नेहमी बरोबरच फिरतात. या दोघांच्या मध्ये, भाकरी दोन हातांत धरावी तशी, क्लच प्लेट असते. तिच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचे अस्तर, म्हणजे लाइनिंग, रिव्हेटने ठोकलेले असते. तिच्या मधल्या भोकात दाते असतात आणि ते गिअर बॉक्सच्या दंडावरील खाचांत बसतात. प्रेशर प्लेटने क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबली, की इंजिनाचा जोर गिअर बॉक्सकडे जातो. दाब काढला, की दोघांचा संबंध तुटतो.

हा दाब एक स्प्रिंग देते. आजच्या बहुतेक मोटारींत ही स्प्रिंग उथळ थाळीच्या आकाराची असते आणि तिच्या मध्यभागाकडे चिरा देऊन बोटांसारखी पाती केलेली असतात. आपण पॅडल दाबतो तेव्हा रिलीज बेअरिंग ही बोटे आत ढकलते आणि स्प्रिंगची बाहेरची कड उचलली जाते. एक टोक दाबले की दुसरे वर येते, मध्ये टेकू. ही तरफच झाली. येथे लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच, की पाय काढलेला असताना क्लच धरलेला असतो. पाय दाबतो तो तो सोडवण्यासाठी.

पकड किती लागते?

जुन्या सायकलींना टायरवर टेकणारा डायनामो असायचा, तो अनेकांना आठवत असेल. त्याची स्प्रिंग सैल झाली, की डायनामोचे चाक टायरवर घसरायचे आणि दिवा मंद व्हायचा. तेव्हा ना टायर बदलला होता, ना डायनामोचे चाक. कमी झाले होते ते दाबणारे बल. पावसात स्प्रिंग चांगली असूनही दिवा मंद व्हायचा, कारण पाण्याने घर्षणांक कमी केलेला असायचा. क्लच घसरतो तो याच दोन कारणांनी.

आकडे घालून पाहू. उदाहरणासाठी आम्ही मारुती ८०० ही गाडी डोळ्यांसमोर ठेवली आहे. १९८३ ते २०१४ अशी तीस वर्षे ती तयार होत होती, त्यामुळे तिच्यावर काम केलेले हात गावोगाव आहेत. तिच्या इंजिनाचा सर्वांत जास्त पीळ, गॅरेजच्या भाषेत टॉर्क, सुमारे ६० न्यूटन-मीटर. बाकीचे आकडे हिशेबासाठी ढोबळ धरू. समजा स्प्रिंगचे बल २५०० न्यूटन, घर्षणांक ०.३ आणि अस्तराची सरासरी त्रिज्या ६.५ सेंटीमीटर. प्लेटच्या दोन बाजू पकडतात, म्हणून घर्षणबल ०.३ × २५०० × २ = १५०० न्यूटन. त्याला ०.०६५ मीटर त्रिज्येने गुणले, की पीळ सुमारे ९७ न्यूटन-मीटर येतो. म्हणजे इंजिनाने पूर्ण जोर लावला तरी क्लच घसरणार नाही. दीडपटीहून अधिक पकड हाताशी आहे.

आता समजा काही कारणाने स्प्रिंगचे बल निम्मे झाले. पकड ४९ न्यूटन-मीटरवर येईल. सपाट रस्त्यावर सावकाश जाताना इंजिनाकडून याहून कमीच पीळ लागतो, म्हणून चालकाला काहीच जाणवणार नाही. पण वरच्या गिअरमध्ये चढ आला आणि ॲक्सिलरेटर दाबला, की मागणी ५०-६० वर जाईल आणि क्लच घसरेल. इंजिनाचा आवाज चढेल, वेग मात्र वाढणार नाही. क्लचचे दुखणे पहिल्यांदा चढावर आणि वरच्या गिअरमध्ये का कळते, याचे कारण हे. तोच चढ चढण्यासाठी चाकांना तेवढाच जोर लागतो, पण गिअर जितका वरचा तितका जास्त पीळ क्लचमधून जावा लागतो.

घसरण्याची किंमत

घट्ट धरलेली प्लेट झिजत नाही. ती झिजते फक्त घसरताना. प्रत्येक वेळी गाडी निघते तेव्हा ती थोडी घसरावीच लागते, आणि त्याची किंमत काढता येते.

समजा गाडी निघताना इंजिनाचा वेग एकसारखा ठेवला आहे. प्लेटचा वेग शून्यापासून वाढत वाढत इंजिनाच्या वेगाएवढा होतो. म्हणजे सरासरीने तो इंजिनाच्या निम्मा असतो. पीळ मात्र प्लेटच्या अलीकडे आणि पलीकडे सारखाच असतो. पीळ तोच, वेग निम्मा, म्हणून इंजिनाने दिलेल्या ऊर्जेपैकी निम्मीच पलीकडे पोहोचते. उरलेली निम्मी उष्णता होते. चालक कितीही कुशल असला, तरी या पद्धतीने निघताना गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, तेवढीच उष्णता क्लचमध्ये तयार होते.

माणसांसह गाडीचे वस्तुमान ९०० किलोग्रॅम धरू. इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्या करत असताना पहिल्या गिअरमध्ये गाडीचा वेग ताशी सुमारे ९ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २.५ मीटर असतो. गतिज ऊर्जा येते सुमारे २८०० जूल. तेवढीच उष्णता. तीच गाडी कोणी तिसऱ्या गिअरमध्ये काढली, तर क्लच पूर्ण धरेपर्यंत वेग ताशी २४ किलोमीटरपर्यंत जावा लागेल. उष्णता सुमारे २०,००० जूल, म्हणजे सातपट! गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते हे सूत्र येथे चालकाच्या खिशाला जाऊन भिडते.

याहून वाईट सवय म्हणजे चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी थोपवून धरणे. दहा मीटर अंतरात एक मीटर चढ असेल, तर गाडीला खाली ओढणारे बल ९०० × ९.८ × ०.१, म्हणजे सुमारे ८८० न्यूटन. क्लच पूर्ण धरलेला असता तर या बलाविरुद्ध गाडी सेकंदाला २.५ मीटर वेगाने चढली असती. इंजिन तेवढी शक्ती देतेच आहे, ८८० × २.५ = २२०० वॉट, पण गाडी जागची हलत नाही. सगळी शक्ती क्लचमध्ये उष्णता होते. घरातील विजेच्या मोठ्या शेगडीएवढी आच दोन लोखंडी चकत्यांमध्ये कोंडली जाते. दहा सेकंदांत २२,००० जूल. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये आठ वेळा निघण्याइतकी झीज, आणि गाडी आहे तेथेच.

प्लेट मोठी का करतात, याचेही उत्तर येथे मिळते. क्षेत्रफळाने पकड वाढत नाही, हे खरे. पण उष्णता आणि झीज अधिक जागेवर वाटली जाते, आणि त्रिज्या वाढल्याने पीळही वाढतो. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट मिळून सहा किलो लोखंड धरले, तर २८०० जूल उष्णतेने त्याचे तापमान सरासरी फक्त एक अंशाने वाढते. पण ही सरासरी झाली. उष्णता आत झिरपायला वेळ लागतो. तोपर्यंत घासणाऱ्या पृष्ठभागाचा पातळ थर कितीतरी अधिक तापलेला असतो. अस्तरातील राळ त्या तापाने जळू लागते. क्लच जळल्याचा तो उग्र वास याच राळेचा. राळ जळली की घर्षणांक घसरतो, मग क्लच अधिक घसरतो, अधिक तापतो. घाटात हा वास आला तर ॲक्सिलरेटर दाबून निभावून नेण्याचा प्रयत्न करू नये. सुरक्षित जागी गाडी थांबवून क्लच थंड होऊ द्यावा.

तर मग पकड जाते कोठे?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. झिजलेल्या प्लेटचा पदार्थ तोच, क्षेत्रफळ तेच. बदलते ते दाबणारे बल.

प्लेट पातळ झाली, की प्रेशर प्लेट तेवढीच फ्लायव्हीलकडे सरकते. जुन्या पद्धतीच्या क्लचमध्ये वेटोळ्यांच्या स्प्रिंगा असत. त्यांच्या बाबतीत हुकचा नियम सरळ लागू पडतो: स्प्रिंग तेवढी सैल झाली, बल तेवढे कमी झाले. थाळीच्या स्प्रिंगची गंमत वेगळी आहे. ती सपाट होत जाताना तिचे बल आधी वाढते, मग उतरते. नवी प्लेट असताना ती या उंचवट्याच्या पलीकडच्या उतारावर बसवलेली असते. झीज होऊ लागली की ती मागे येते, म्हणून बल आधी थोडे वाढतेच. जुन्या क्लचचे पॅडल जड लागते ते यामुळेही. झीज मर्यादेत असेपर्यंत बल नव्या प्लेटइतके किंवा थोडे जास्तच राहते. मर्यादा ओलांडली, की मात्र ते झपाट्याने घटते. म्हणून वर्षानुवर्षे कुरकूर न करणारा क्लच काही दिवसांतच हात टेकतो.

आणखी एक गोष्ट घडते, ती तरफेमुळे. प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकली, की टेकूच्या दुसऱ्या बाजूची बोटे उलट दिशेने, म्हणजे रिलीज बेअरिंगकडे सरकतात. केबलच्या क्लचमध्ये बेअरिंग आणि बोटे यांच्यात थोडी फट ठेवलेली असते. पॅडल सुरुवातीला जे मोकळे दबते ती ही फट. प्लेट झिजते तशी फट कमी होत जाते. ती संपली, की पाय नसतानाही केबल बोटांना ओढून धरते आणि स्प्रिंगचे काही बल वाया जाते. कोणी तरी सतत पॅडलवर पाय ठेवल्यासारखेच हे.

म्हणजे "प्लेट झिजली म्हणून घसरते" हे वाक्य बरोबर आहे, पण मधला एक दुवा गाळून. घर्षणाचा नियम मोडलेला नाही. झिजते प्लेट आणि कमी होते ते स्प्रिंगचे बल.

गिअर बॉक्स उतरवण्याआधी

हा दुवा कळला, की पैसे वाचतात. क्लच घसरतो अशी शंका आली तर पहिल्यांदा पॅडलची मोकळी चाल पाहावी. बऱ्याच छोट्या गाड्यांत ती दीड-दोन सेंटीमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. चाल उरलीच नसेल, तर केबलचा नट फिरवून ती पुन्हा देता येते, आणि कधी कधी तेवढ्यानेच काम भागते. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये ही जुळणी बहुधा आपोआप होते.

मग एक चाचणी. मोकळ्या, सपाट जागेत हँडब्रेक घट्ट लावावा, गाडीसमोर कोणी नाही हे पाहावे, तिसरा गिअर टाकून थोडा ॲक्सिलरेटर द्यावा आणि क्लच हळूहळू पूर्ण सोडावा. क्लच चांगला असेल तर इंजिन गुरगुरून बंद पडते. ते चालूच राहिले, तर क्लच घसरतो आहे. ही चाचणी एकदाच करावी. त्या काही सेकंदांत सगळी शक्ती प्लेटमध्येच जिरते, हे वरच्या हिशेबावरून लक्षात येईलच.

गिअर टाकताना दाते करकरत असतील, तर दुखणे उलटे आहे: क्लच नीट सुटत नाही. पॅडल दाबल्यावरच आवाज येत असेल, तर बहुधा रिलीज बेअरिंग गेले आहे. गाडी निघताना थरथरत असेल, तर प्लेटवर तेल आल्याची शंका घ्यावी.

प्लेट बदलताना

समोरच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाडीत क्लचपर्यंत पोहोचणे हेच मोठे काम असते. प्रथम बॅटरीची ऋण वायर काढावी. गाडी जॅकवर उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवावी. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, पेलून धरण्याचे नाही. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही जाऊ नये. मग गिअरचे तेल काढावे, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट, क्लचची केबल, गिअरचे दांडे, स्टार्टर मोटर सोडवावी. इंजिनाला खालून टेकू द्यावा, कारण त्याचा एक आधार गिअर बॉक्सबरोबर सुटणार असतो. शेवटी गिअर बॉक्सचे बोल्ट काढून तो सरळ रेषेत मागे ओढावा. त्याचा भार दंडावर लोंबकळू देऊ नये; दंड वाकतो किंवा प्लेटचे दाते बिघडतात.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून सैल करावेत. आत दोन-अडीच हजार न्यूटनची स्प्रिंग दबलेली आहे. एकच बाजू पूर्ण सोडली, तर सारा ताण दुसऱ्या बाजूवर येऊन झाकण वेडेवाकडे होते. आवळतानाही हाच क्रम.

प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही भाग एकदम बदलावेत असा सल्ला दिला जातो. तो केवळ विक्रीसाठी नसतो. थाळीची स्प्रिंग खूप तापली असेल, तर पोलादाचे पाणी उतरते आणि तिचे बल कायमचे कमी होते. अशा स्प्रिंगखाली नवी प्लेट टाकली तर तीही घसरणार. शिवाय खर्चाचा मोठा भाग गिअर बॉक्स उतरवण्याचा असतो. बेअरिंगसाठी तो पुन्हा उतरवणे परवडत नाही.

नवी प्लेट बसवताना ती बरोबर मध्यावर यावी लागते. त्यासाठी दंडाच्या मापाची सरळ दांडी मिळते. ती प्लेटमधून फ्लायव्हीलच्या भोकात घालून मगच बोल्ट आवळावेत, नाही तर गिअर बॉक्सचा दंड दात्यांत शिरतच नाही. प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू कोणती, हे तिच्यावर लिहिलेले असते. दात्यांना ग्रीसचा अगदी पुसट हात पुरे. अस्तराला तेलकट बोट लावू नये. नव्या प्लेटवर पहिले काही शे किलोमीटर गाडी सबुरीने चालवावी, म्हणजे दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना नीट बसतात.

जुनी प्लेट वाचा

नवी प्लेट बसवण्याआधी जुनीकडे नीट पाहायला हवे, कारण ती का झिजली हे तीच सांगते.

दोन्ही बाजू सारख्या झिजून रिव्हेटच्या जवळ आल्या असतील, तर प्लेटने आपले आयुष्य पुरे केले. रिव्हेटच्या डोक्यावर साधारण अर्ध्या मिलिमीटरहून कमी अस्तर उरले, की ती बदलावी. रिव्हेट फ्लायव्हीलला घासू लागले तर त्यावर चऱ्या पडतात आणि खर्च वाढतो.

अस्तर काळे, काचेसारखे चकचकीत झाले असेल आणि फ्लायव्हीलवर निळे डाग असतील, तर ताप झाला आहे. लोखंड सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापले, की पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर येऊन निळी झाक दिसते. हाफ क्लचची सवय किंवा संपलेली मोकळी चाल यांचा हा पुरावा. थाळीच्या बोटांच्या टोकांवर खोल चरा असेल, तर पाय नेहमी पॅडलवर असतो. प्लेट तेलाने ओली असेल, तर दोष तिचा नाहीच; इंजिनाचे किंवा गिअर बॉक्सचे ऑइल सील गळते आहे. ते न बदलता टाकलेली नवी प्लेटही लवकरच तेल पिणार.

त्या धुळीविषयी

झिजलेले अस्तर जाते कोठे? त्याची धूळ होते आणि बरीचशी क्लचच्या घरातच साठून राहते. गिअर बॉक्स उतरला, की काळी भुकटी दिसते. ती हवेच्या पाइपने फुंकून काढायची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास आहे. ही पद्धत घातक आहे.

विसाव्या शतकात बराच काळ क्लच आणि ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस वापरत. ते तापाला टिकते, स्वस्त असते आणि त्याचे तंतू राळेला बळकटी देतात. पण तेच बारीक तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन कायमचे राहतात. सर्व प्रकारच्या ॲस्बेस्टॉसमुळे माणसाला कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केलेले आहे. आजार दिसायला वीस ते चाळीस वर्षे, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो. युरोपीय संघाने २००५ पासून त्यावर बंदी घातली. आता नामांकित उत्पादक काचतंतू, ॲरामिड तंतू, पितळेची तार असे पदार्थ वापरतात. अस्तरातील राळेत एक पदार्थ आपल्या ओळखीचाही असतो. कोकण-गोव्यात काजू भाजताना टरफलातून जे हात पोळणारे तेल निघते, त्यापासून केलेली भुकटी ब्रेक आणि क्लचच्या अस्तरांत घालतात. तापल्यावरही घर्षणांक टिकून राहावा, यासाठी ती उपयोगी पडते.

तरीही जुन्या गाड्यांत आणि कोणी बनवले हे कळत नाही अशा स्वस्त सुट्या भागांत ॲस्बेस्टॉस असू शकते, असे धरूनच चालावे. धूळ फुंकू नये, कोरड्या झाडूने झाडू नये. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बंद करावे. रुमाल बांधल्याने हे तंतू अडत नाहीत. काम झाल्यावर हातपाय धुऊन कपडे बदलावेत. त्याच कपड्यांनी घरी जाऊन मुलांना उचलू नये. १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पण छोट्या गॅरेजमधला शिकाऊ मुलगा बहुधा कोणत्याही हजेरीपटावर नसतो. तो काल-परवापर्यंत आपल्याच वर्गात बसलेला असतो. त्याच्यापर्यंत ही माहिती पोहोचवायची तर ती शाळेतूनच पोहोचवावी लागेल, असे आम्हाला वाटते.

वर्गासाठी

क्लचचा नमुना वर्गात आणायचा असेल तर नवी प्लेट काही वेळापुरती मागून आणावी. गॅरेजमधली जुनी प्लेट मुलांच्या हाती देऊ नये. दोन तळहात एकमेकांवर हलके दाबून फिरवा, मग जोराने दाबून फिरवा, एवढ्या कृतीतूनही दाब, पकड आणि उष्णता यांचा संबंध जाणवतो. त्यानंतर पुढील प्रश्नांवर चर्चा घेता येईल.

१. मोटारसायकलच्या क्लचमध्ये एकाऐवजी अनेक छोट्या प्लेटा एकापुढे एक बसवतात. क्षेत्रफळाने घर्षण वाढत नाही, मग यातून काय साधते? (आपल्या हिशेबातील 'दोन बाजू' पुन्हा पाहा.)

२. गाडीत चार माणसे आणि सामान भरून वस्तुमान ९०० ऐवजी ११०० किलोग्रॅम झाले, तर पहिल्या गिअरमध्ये निघताना क्लचमध्ये किती उष्णता होईल?

३. चढावर थांबताना हँडब्रेक लावला, तर क्लचमध्ये त्या वेळात किती उष्णता निर्माण होते? ब्रेकमध्ये किती?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दोन्ही ठिकाणी शून्य आहे. ते तसे का, हे विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावे. घर्षणबल आणि घर्षणाने झालेले कार्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून त्यांना नीट समजेल.